डोमाजींची पेशी

नागपुरात ‘पेशी’ म्हटलं की माणूस आधी वकिलाचं नाव विचारतो. बाकी महाराष्ट्रात कोर्टाची तारीख असते, आमच्याकडे पेशी असते. पेशी लागते, पेशीला जावं लागतं, आणि वकिलानं अर्ज दिला की पेशी वाढते, म्हणजे पुढची तारीख मिळते. अशा गावात मी उभं आयुष्य पेशी वाढवण्याचं काम केलं. माझ्या लग्नाच्या बोलणीत मध्यस्थानं सासऱ्यांना सांगितलं होतं, ‘मुलगा पेशी वाढवतो.’ सासरे खूश. त्यांची भावाशी विहिरीवरून केस चालू होती. जावई कोर्टातला बाबू नसून रक्तातल्या पेशी वाढवणारा, दवाखान्याच्या प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ आहे हे त्यांना साखरपुड्यानंतर कळलं, आणि माझ्याविषयीचं त्यांचं मत पुढे कधी सुधारलं नाही.

दिवाळी अंकाला लेख द्यायचा म्हणून संपादकांनी विचारलं, ‘तुमच्या कामातलं काहीतरी रंजक लिहा.’ लिहितो. पण आधीच सांगतो, यात विज्ञान थोडं आणि मत्सर फार आहे. आमचं काम मला आयुष्यभर जेमतेम जमलं. मत्सर मात्र मी मनापासून केला.

काम काय होतं ते सांगतो. ऐंशीच्या दशकात आमच्या भागात हत्तीपायाचे रोगी पुष्कळ होते. डास चावतो, त्याच्याबरोबर एका जंताची पिल्लं अंगात शिरतात, आणि वर्षानुवर्षं आत राहून कुणाचा पाय खांबासारखा सुजवतात. या जंताला ओळखणाऱ्या काही पांढऱ्या पेशी रोग्याच्या रक्तात असतात. लाखात चार-दोन असतील. त्या नेमक्या निवडायच्या, काचेच्या भांड्यात वाढवायच्या आणि त्या जंताशी कशा वागतात ते बघायचं, हे आमच्या सरांचं संशोधन. रोग्याचं रक्त घ्यायचं, एका जड द्रवावर हळूच सोडायचं आणि फिरकीच्या यंत्रात फिरवायचं. तांबडं खाली बसतं, मधोमध सायीसारखा पातळ पांढरा पट्टा येतो. तो काढून घ्यायचा आणि त्यात जंताचा अर्क टाकायचा. ज्या पेशी जंताला ओळखतात त्या चवताळून वाढतात, बाकीच्या मरतात.

माणसाचा जंत मिळणं अवघड, म्हणून म्हशीच्या पोटात सापडणारा त्याच जातकुळीतला जंत आम्ही वापरत असू. तो आणायला पहाटे कत्तलखान्यात मी जायचो. स्टीलच्या जेवणाच्या डब्यात मिठाचं कोमट पाणी, आणि त्यात वळवळणारे पांढरे दोरे. एकदा बसमध्ये शेजारच्या माणसानं ‘शेवया का हो?’ असं विचारलं होतं. मी हो म्हटलं. काय सांगणार?

यातली खरी अडचण पुढे होती. वाढलेल्या या पेशींना दर चौदा दिवसांनी जंताची पुन्हा ओळख करून द्यावी लागते, आणि ती ओळख त्याच माणसाच्या ताज्या रक्तातल्या पेशींनीच करून द्यावी लागते. परक्या माणसाच्या पेशी मध्यस्थ म्हणून घातल्या तर ह्या त्यांच्यावरच धावून जातात. थोडक्यात, रोगी दर पंधरवड्याला आला पाहिजे. नाही आला तर पेशी उपाशी मरतात. गोठवून ठेवायची सोय आमच्याकडे तेव्हा नव्हती. परदेशी उपकरणंही नव्हती. जाड काचेच्या झाकणाच्या भांड्यात पेशींच्या ताटल्या ठेवायच्या, शेजारी मेणबत्ती लावायची, झाकण बसवायचं. मेणबत्ती विझली की आतली हवा पेशींना मानवेल अशी होते. मग ते भांडं उबेच्या पेटीत ठेवायचं. तिथे दोन भांडी असायची, एक माझं आणि एक सुलभाबाईंचं.

सुलभाबाई नाशिककडून आलेल्या. नवऱ्याची बदली नागपूरला झाली म्हणून आल्या आणि रक्तपेढीतला दोन वर्षांचा अनुभव सांगून आमच्याकडे लागल्या. मी बी.एस्सी., पहिल्या वर्गात. प्रयोगशाळेचं पहिलं टेबल मी पुसलेलं, पहिली फिरकी मी बसवलेली. आणि बाईंच्या पेशी वाढायच्या, माझ्या नवव्या दिवशी मरायच्या! नवव्या म्हणजे नवव्या. दहावा दिवस माझ्या एकाही पेशीनं पाहिला नाही.

मी काय काय केलं! त्या ज्या साबणानं हात धुतात तो साबण आणला. त्यांच्या दुकानातून मेणबत्त्या आणल्या. उबेच्या पेटीतली त्यांची जागा चांगली असेल म्हणून एके सकाळी भांड्यांची अदलाबदल केली. त्यांच्या पेशी माझ्या जागेवर वाढल्या, माझ्या त्यांच्या जागेवर मेल्या. नाचता येईना अंगण वाकडं, हे मला कळत होतं, पण मी ते अंगण सहा महिने मोजत होतो. शेवटी सरच एक दिवस म्हणाले, ‘गावंडे, त्या दोन दिवसांतून एकदा झाकण उघडतात. तुम्ही दिवसातून सहादा उघडता. त्यांच्याएवढ्या झाल्या का ते बघायला. पेशी गारठून मरतात हो.’ खरं होतं. त्यांच्याशी तुलना करण्याच्या नादात मी माझ्याच पेशी मारत होतो. हे कळल्यावर मी सुधारलो असं वाचकांना वाटेल. मी दिवसातून तीनदा उघडू लागलो.

आता डोमाजी. गांधीबागेच्या बाजारात कापडाच्या एका मोठ्या दुकानाच्या पायरीशी ते रफू करायला बसत. डावा पाय समोर लांब सोडलेला, घोट्याचा पत्ता नाही, वरून खाली सारखाच जाड. त्या पायावर कापड पसरून ते जळालेल्या शालू-कोटाचं भोक असं बुजवत की मालकालाही सापडू नये. त्यांना शोधलं मी. तीनदा जाऊन, चहा पाजून, रक्त द्यायला तयार केलं मी. पहिल्या दिवशीच्या रक्ताचे सरांनी दोन भाग केले, अर्धं मला, अर्धं बाईंना. नवव्या दिवशी माझं आटोपलं. बाईंच्या भांड्यात मात्र डोमाजींच्या पेशींचे घोस लागले, सूक्ष्मदर्शकाखाली द्राक्षाच्या मांडवासारखे. जंत मी आणायचा, माणूस मी आणायचा, आणि आयत्या बिळावर नागोबा! त्या संध्याकाळी घरी जेवलो नाही. बायको म्हणाली, ‘काहून? पोट दुखते का?’ हो, पोटातच दुखत होतं.

तसे रोगी अनेक आले. एक बाई दर वेळी विचारायच्या, ‘मागच्या वेळचं रक्त वापस भेटन का?’ एक गुरुजी रक्त द्यायचे, पण अमावास्येला नाही. कामठीचा एक विणकर सुई बघताच बेशुद्ध व्हायचा आणि शुद्धीवर आला की आम्हालाच धीर द्यायचा. पण कुणाच्याच पेशी दोन महिन्यांपुढे टिकल्या नाहीत. डोमाजींच्या टिकल्या, कारण डोमाजी चुकत नसत. दर चौदा दिवसांनी, पाय ओढत, जिन्याच्या बावीस पायऱ्या चढून हजर. आम्हाला कौतुक वाटायचं. ना आम्ही औषध देत होतो, ना पैसे. मग हा माणूस का येतो?

ते मला एका सकाळी कळलं. डोमाजी पुडीत चार पेढे घेऊन आले होते.

‘बाई, पेशी वाढली!’

‘हो ना!’ सुलभाबाई म्हणाल्या. ‘कालच मोजल्या. तिप्पट!’

‘तिप्पट?’ डोमाजींचे डोळे मोठे झाले. ‘वकील तं मने, एकच मयना भेटला.’

बाई हसल्या आणि त्यांनी सुई उचलली. मी मात्र पेढा हातात धरून थिजलो. डोमाजी महाल भागात दोन खोल्यांत तीस वर्षं भाड्यानं राहत होते. मालकाला जागा खाली करून हवी होती, त्याची केस चालू होती. पेशी वाढली की तेवढे दिवस घर राहतं, एवढाच त्यांचा हिशेब. आणि पहिल्या दिवशी सुलभाबाईंनी त्यांना समजावून सांगितलं होतं, ‘तुम्ही रक्त द्या, आम्ही तुमच्या पेशी वाढवू.’ नाशिकची बाई! त्यांच्याकडे कोर्टात तारीख असते. डोमाजींना वाटलं, या मोठ्या डॉक्टर लोकांची वर ओळख असणार. रक्त दिलं की पेशी वाढते. आणि ती खरंच वाढत होती, कारण कोर्टात सगळ्यांचीच वाढते.

सुलभाबाईंना यातलं काही ठाऊक नाही, हे मी धरून चाललो. मला ठाऊक होतं. मी तेव्हा बोललो नाही. खरं सांगायचं तर मला गंमत वाटत होती. बाईंच्या हातगुणाचं सगळे कौतुक करायचे, आणि तो हातगुण एका शब्दाच्या घोटाळ्यावर उभा आहे हे फक्त मला माहीत होतं. असं काही एकट्याला माहीत असलं की मत्सरी माणसाला बरं वाटतं.

अकरा महिने असे गेले. मग सरांनी एक दिवस सांगितलं की डोमाजींच्या पेशींवरचा शोधनिबंध छापायला जाणार, आणि त्या जिवंत पेशी बघायला दिल्लीहून तज्ज्ञ येणार आहेत. निबंधावर सरांच्या नावाखाली सुलभाबाईंचं नाव. मी मसुदा चाळला. माझं नाव शेवटच्या पानावर होतं, बारीक अक्षरात, ‘जंत आणून दिल्याबद्दल आभार’. माझ्या शेजारी काचेची भांडी धुणाऱ्या मावशी आणि वीज दुरुस्त करणारा माणूस.

त्याच दिवशी डोमाजींचा वार होता. रक्त देऊन ते जिना उतरत होते. मी मागोमाग गेलो.

‘डोमाजी, एक सांगू का?’

‘सांगा नं भाऊ.’

‘बाई ज्या पेशी वाढवते, त्या तुमच्या रक्तातल्या पेशी. कोर्टातल्या पेशीशी त्याईचा काई संबंध नाई.’

ते आधी हसले. ‘असं कसं भाऊ? मी रक्त देतो अन् पेशी वाढते. अकरा मयने झाले, एकदाई चुकलं नाई.’

‘कोर्टात सगळ्याईचीच वाढते, डोमाजी.’

‘मंग बाई काहून मनत व्हती, वाढली मून?’

‘रक्तातल्या वाढल्या मून.’

ते कठड्याला धरून उभे राहिले. मग म्हणाले, ‘मंग माह्या घराचं कोन पाहून राहिलं?’

‘कोनी नाई,’ मी म्हणालो. हे वाक्य मी इतक्या शांतपणे कसं बोललो, हे मला आजही कळत नाही. डोमाजींनी मान हलवली आणि एक-एक पायरी उतरत गेले. मी वर येऊन हात धुतले. सुलभाबाई नवं रक्त फिरकीत घालत होत्या आणि काहीतरी गुणगुणत होत्या.

चौदावा दिवस आला. डोमाजी आले नाहीत. पंधरावा, सोळावा. बाईंनी दोन दिवसांत सातदा झाकण उघडलं. पहिल्यांदाच त्या माझ्यासारख्या वागत होत्या. पेशींचे घोस सुटे होऊ लागले, कडा काळसर पडू लागल्या. दिल्लीच्या लोकांचा दिवस जवळ येत होता. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पहिले दोन दिवस. सतराव्या दिवशी बाई माझ्या टेबलाशी आल्या आणि म्हणाल्या, ‘गावंडे, तुम्हीच जाऊन या ना. ते तुमचं ऐकतात.’ ते तुमचं ऐकतात! मी सायकल काढली.

डोमाजी त्याच पायरीशी होते, एका कोटाच्या कोपराला टाके घालत. मला पाहून ‘या भाऊ’ म्हणाले, नेहमीसारखेच.

‘आले नाई तुमी.’

‘नाई आलो.’ त्यांनी दात लावून दोरा तोडला. ‘कोर्टातई नाई गेलो, परवा पेशी व्हती तरी.’

‘काहून?’

‘काय सांगू? इतके दिवस मले वाटे, मोठ्या दवाखान्याचा हात हाये आपल्या पाठीवर. तुमी सांगतलं, अन् कोर्टात पाय टाकाचा धीरच गेला. वकील मने, तुमी आले नाई मून एकतर्फी निकाल झाला. मयन्यात घर खाली करा लागते.’

मी सायकलचा दांडा धरून उभा होतो. बाजारात लोक जात-येत होते. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, ‘वकिलाले सांगून पुन्हा अर्ज देता येते.’ ते म्हणाले, ‘पाहू.’ मग त्यांनीच विचारलं, ‘बाईच्या पेशी कशा हायेत?’

‘मरून राहिल्या.’

‘माह्या रक्ताबिगर?’

‘हो.’

डोमाजींनी कोट घडी करून दुकानात दिला, पाय दोन्ही हातांनी उचलून खाली ठेवला आणि उभे राहिले. ‘मंग मले बोलत काहून बसवलं भाऊ? चाला.’

त्यांच्याकडून मला शिव्या हव्या होत्या. त्या मिळाल्या असत्या तर हिशेब मिटला असता. ते माझ्या सायकलच्या कॅरिअरवर बसले आणि तो जड पाय सबंध रस्ताभर जमिनीपासून वर धरून होते. आणि एवढं झाल्यावरही, पाठीमागे त्यांचं वजन घेऊन पायडल मारताना, माझ्या मनात आलं काय? की हा माणूस घर गेलेलं असताना बाईंसाठी निघाला. माझ्यासाठी कुणी असं निघालं नसतं. लाज वाटायची ती वेळ, आणि मला मत्सर वाटला.

वर गेल्यावर मी दाराशीच थांबलो. बाईंनी रक्त घेतलं. दोघं बराच वेळ हळू आवाजात बोलत होते. काय ते मला ऐकू आलं नाही, आणि ऐकायची हिंमतही नव्हती. चार दिवसांत पेशींनी पुन्हा घोस धरले. दिल्लीचे लोक आले, खूश होऊन गेले, निबंध छापून आला. एकतर्फी निकाल रद्द करावा म्हणून डोमाजींनी दिलेला अर्ज मात्र कोर्टानं फेटाळला. डोमाजी महालातून उठून कामठीला मुलीकडे गेले. तिथून ते बसनं यायचे, चौदाव्या दिवशी, पुढचे पाच महिने. मग पेशी म्हाताऱ्या झाल्या, वाढेनाशा झाल्या, आणि सरांनी काम थांबवलं. दोन वर्षांनी डोमाजी वारल्याचं कळलं. मी कामठीला गेलो नाही. सुलभाबाई जाऊन आल्या.

सुलभाबाई माझ्याआधी निवृत्त झाल्या. निरोपसमारंभ झाल्यावर आम्ही दोघं गच्चीत आलूबोंड्याच्या बशा घेऊन उभे होतो. इतक्या वर्षांत आम्ही कामापलीकडचं फारसं कधी बोललो नव्हतो.

‘गावंडे, एक सांगायचं राहिलं,’ त्या म्हणाल्या. ‘डोमाजींना पेशी म्हणजे कोर्टाची वाटते, हे मला पहिल्या महिन्यातच कळलं होतं. आमच्या घरमालकीणबाईंनी सांगितलं, इथे पेशी कशाला म्हणतात ते. मी डोमाजींना सांगितलं नाही. सांगितलं तर ते यायचे थांबतील, आणि पेशी मरतील, म्हणून. दर वेळी ते पेढे आणायचे आणि मी खायचे.’

मी बशीतला आलूबोंडा मोडत राहिलो.

‘त्या दिवशी त्यांनीच सांगितलं मला, गावंडेभाऊंनी खरं काय ते सांगितलं म्हणून. मला इतका हेवा वाटला तुमचा. माझ्या हाताला यश होतं, पण तुमच्याकडे मन होतं. मी आधीच बोलले असते तर तो माणूस दवाखान्याच्या भरवशावर राहिला नसता. त्याचं घर माझ्यामुळे गेलं. कामठीला गेले तेव्हा त्याच्या मुलीची माफी मागून आले.’

एवढं बोलून त्यांनी बशी कठड्यावर ठेवली आणि डोळे पुसले. तेव्हा मी बोलायला हवं होतं. पण इतक्या वर्षांत त्यांना माझा हेवा वाटल्याचं पहिल्यांदाच कानावर आलं होतं, आणि ते मला सोडवेना. मी म्हणालो, ‘जाऊ द्या, बाई.’ मोठ्या मनानं क्षमा केल्यासारखं म्हणालो.

सुलभाबाई आता नाशिकला असतात. हा अंक त्या दरवर्षी मागवतात, मला माहीत आहे. बाई, मी डोमाजींना खरं सांगितलं ते त्यांच्यासाठी नव्हे. निबंधावर तुमचं नाव होतं म्हणून सांगितलं. तुमच्या पेशी मराव्यात म्हणून सांगितलं. त्यांच्या मुलीची माफी तुम्ही मागायची नव्हती. ते घर माझ्यामुळे गेलं.